नेट चालू असतं, नाव तेवढं सापडत नाही

"अगं, नेट गेलं का परत?" हे वाक्य आमच्या मिरजेच्या घरात मागचे तीन आठवडे दिवसातून आठ-दहा वेळा यायचं, कधी आईकडून कधी बाबांकडून, आणि दरवेळी मी जाऊन राउटरकडे बघायचे तर त्याचे सगळे हिरवे दिवे शांत लागलेले. लाल दिवा नाही, काही नाही, आणि मी परत येईपर्यंत अडलेलं पान उघडलेलं पण असायचं. मी घरून काम करते, कंपनी पुण्यात, लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ म्हणजे लिनक्स आहे. दिवसभर गिटवरून कोड उतरवणं-चढवणं (गिट पुल, गिट पुश), मिटिंगा, आणि मध्येच टर्मिनल म्हणजे कमांड लिहायची खिडकी सांगायची 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन', म्हणजे नाव शोधणं आत्ता जमलं नाही, तीच कमांड वरचा बाण दाबून परत मारली की चालायची. नेट पूर्ण बंद पडलेलं परवडलं, निदान केबलवाल्या दादांना फोन करून सांगता तरी येतं की बंद आहे. हे असं अधूनमधून होणारं असलं की ते येतात तेव्हा सगळं नीट चालू असतं, ते म्हणतात ताई चालतंय की, आणि ते जिना उतरले की परत तेच.

शेवटी मी ठरवलं की हे मुळापासून शोधायचं. शोधलं, सापडलं, एक नाही दोन कारणं सापडली, एक माझ्या लॅपटॉपचं आणि एक बाबांच्या. लिनक्सवाल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, माझं जिथे चुकलं त्याच्यासकट.

पहिली गोष्ट जी मला खूप उशिरा लक्षात आली ती ही की चालू असलेली मिटिंग कधीच तुटत नव्हती. व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालू, आणि त्याच वेळी शेजारच्या टॅबमध्ये नवीन साइट उघडायला गेलं की गोल गोल फिरत बसायचं. म्हणजे जे आधीपासून जोडलेलं आहे ते चालतं, जे नवीन जोडायचंय ते अडतं. कारण साइटचं नाव फक्त सुरुवातीला लागतं, एकदा नावाचा आयपी पत्ता मिळाला की पुढचं सगळं पत्त्यावर चालतं, मग तासभर नावाची गरजच पडत नाही. हे खरं आहे का बघायला दोन टर्मिनल उघडले, एकात पिंग (समोरचा उत्तर देतोय का बघायची हाक) ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला चालू करून सोडून दिला आणि दुसऱ्यात नावाने पिंग करत राहिले. नावाचा पिंग अडकला त्या क्षणी पत्त्याचा पिंग एकही पॅकेट न गमावता चालू होता. म्हणजे फायबर ठीक, वायफाय ठीक, दादांची लाइन पण ठीक, बिघाड फक्त नाव शोधण्यात म्हणजे डीएनएसमध्ये. एवढी एक चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर केबल बदलणं, राउटर खिडकीतून हलवून कपाटावर ठेवणं, हे सगळं वाचलं असतं.

आता हे डीएनएस आपल्या घरात नेमकं कुठून कुठे जातं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, मला पण अर्धवटच माहीत होतं. आपण समजतो की लॅपटॉप थेट कुठल्यातरी सर्व्हरला विचारतो. तसं नाहीये. ब्राउझर किंवा गिट विचारतं जीलिबसीला, म्हणजे लिनक्समधल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमच्या खाली असलेल्या लायब्ररीला. जीलिबसी बघते ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत, तिथे उबुंटूवर पत्ता असतो १२७.०.०.५३, म्हणजे आपल्याच लॅपटॉपमध्ये बसलेला सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधून देणारा प्रोग्रॅम. तो विचारतो राउटरला. राउटर विचारतो आपल्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरला. आणि तो सर्व्हर मग रूट सर्व्हरपासून सुरू करून, डॉट इन किंवा डॉट कॉम कुणाकडे आहे ते विचारत विचारत, खऱ्या मालकाच्या सर्व्हरपर्यंत जातो. म्हणजे एका नावासाठी चिठ्ठी चार-पाच हातांतून जाते आणि तेवढ्याच हातांतून परत येते. आणि ही चिठ्ठी बहुतेक वेळा यूडीपीवर जाते, पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएससाठी ठरलेल्या दाराच्या नंबरवर. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचपावती नाही, वाटेत हरवलं तर पाठवणाऱ्याला कोणी कळवत नाही, त्याने आपलं ठराविक वेळ थांबायचं आणि दुसरं कार्ड टाकायचं. 'अधूनमधून' जो प्रकार होतो त्याचं बरंचसं मूळ या थांबण्यात आहे, पुढे येईलच.

ही सगळी रचना १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली, आज चालतात ते मूळ नियम १९८७ चे. त्याच्या आधी अख्ख्या नेटवर्कची नावं एकाच हॉस्ट्स नावाच्या फाइलीत असायची, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. तीच फाइल आजही आपल्या ईटीसी फोल्डरमध्ये हॉस्ट्स नावाने आहे आणि लिनक्स आजही साधारण तीच आधी बघतं. मला हे वाचून फार छान वाटलं होतं, रात्री बारा वाजता चिडून टर्मिनलसमोर बसलेले असताना सुद्धा.

माझी पहिली चूक. सगळे जे करतात तेच केलं, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली, त्यातलं १२७.०.०.५३ खोडलं आणि ८.८.८.८ लिहून सेव्ह केलं. दोन तास मस्त चाललं. मला वाटलं झालं. मग लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि फाइल होती तशी झाली, कारण उबुंटूवर ती खरी फाइलच नाहीये, ती दुसरीकडच्या एका फाइलीची लिंक आहे आणि ती रिझॉल्व्हड स्वतः लिहितो. यावर बरेच जण सांगतात की फाइल कुलूपबंद करून टाका, चॅटर प्लस आय मारा, म्हणजे कोणी बदलू शकणार नाही. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. तसं केलं की ऑफिसचा व्हीपीएन लावला तर आतल्या सर्व्हरची नावं सापडत नाहीत, लॉजच्या वायफायचं लॉगिन पान उघडत नाही, आणि सहा महिन्यांनी आपणच विसरतो की आपण कुलूप लावलंय. आणि मुख्य म्हणजे कारण कळत नाही. दुखणं दाबलं जातं फक्त.

दुसरी गोष्ट ज्याने मला आठवडाभर चुकीच्या दिशेला नेलं ती म्हणजे माझा फोन. फोनवर कधीच काही अडायचं नाही, त्याच वायफायवर, त्याच खोलीत. साहजिकच मी म्हटलं राउटर निर्दोष आहे, दोष लॅपटॉपचाच, मग वायफायचा ड्रायव्हर बघ, पॉवर सेव्हिंग बंद कर, कर्नल जुना लावून बघ. नंतर आठवलं की फोनमध्ये मी खूप आधी प्रायव्हेट डीएनएस लावून ठेवलं होतं, अँड्रॉइड ९ पासून म्हणजे २०१८ पासून ती सोय आहे. ते लावलं की फोन नावं विचारायला राउटरकडे जातच नाही, थेट बाहेरच्या सर्व्हरकडे पोर्ट ८५३ वरून एन्क्रिप्ट करून विचारतो. म्हणजे माझा फोन त्या रस्त्याने जातच नव्हता आणि मी त्याच्या जोरावर राउटरला क्लीन चिट दिली. तुलना करायची तर दोन्ही एकाच वाटेने जातायत का हे आधी बघायला पाहिजे होतं. फोनमधलं ते बंद केलं आणि त्याच संध्याकाळी फोनवर पण एकदा पान अडकलं, तेव्हा मला चक्क आनंद झाला.

आता एरर मेसेजबद्दल, कारण त्यात बरंच काही लिहिलेलं असतं आणि आपण वाचत नाही. 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' आणि 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा अर्थ साधारणपणे उत्तर आलं, आणि उत्तर असं आहे की असं नाव नाही. पहिल्याचा अर्थ उत्तरच आलं नाही, किंवा सर्व्हर म्हणाला मला आत्ता जमत नाहीये. मला कायम पहिलाच मेसेज यायचा. म्हणजे कोणीतरी चुकीचं उत्तर देत नव्हतं, कोणीतरी गप्प बसत होतं. शोध घेताना हा फरक फार कामाचा, कारण चुकीचं उत्तर देणाऱ्याला वेगळ्या ठिकाणी शोधायचं असतं आणि गप्प बसणाऱ्याला वेगळ्या.

आणि वेळ. पान अडायचं तेव्हा किती वेळ अडायचं ते मी एकदा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं, पाच सेकंद, परत पाच, एकदा दहा. इतका गोल आकडा आला की समजायचं हा कुणाच्यातरी सेटिंगमधला आकडा आहे. जीलिबसी एका सर्व्हरकडून उत्तर यायची वाट डिफॉल्टने ५ सेकंद बघते, आणि सगळ्या यादीतून २ फेऱ्या मारते. नेट खरंच स्लो असतं तर कधी दोन सेकंद कधी साडेसात असं काहीही आलं असतं, बरोबर पाच म्हणजे कार्ड हरवलंय आणि पाठवणारा घड्याळाकडे बघत बसलाय.

मग तपासायची हत्यारं. मी आधी सगळीकडे डिग ही नाव विचारायची कमांड वापरत होते आणि डिग म्हणायचं सगळं छान आहे. त्याची दोन कारणं मला नंतर कळली. एक म्हणजे डिग प्रोग्रॅमांच्या वाटेने जातच नाही, तो हॉस्ट्स फाइल बघत नाही, नाव आधी कुठे शोधायचं हे ठरवणाऱ्या एनएसस्विच डॉट कॉन्फ मधला क्रम पाळत नाही, थेट सर्व्हरला जाऊन विचारतो. गिटला जे दिसतं ते बघायचं तर गेटएंट हॉस्ट्स आणि पुढे नाव असं विचारायचं. दुसरं, डिग स्वतःच एक उत्तर नाही आलं तर पाच पाच सेकंद थांबून एकूण तीनदा प्रयत्न करतो, म्हणजे पहिलं कार्ड हरवलं तरी दुसऱ्याला उत्तर आलं की तो खुशाल उत्तर छापतो, खाली क्वेरी टाइम पण आलेल्या उत्तराचाच दाखवतो. म्हणून मी त्याला सांगितलं प्रयत्न एकच, थांबायचं दोनच सेकंद, म्हणजे चुकलं तर चुकलं म्हणून लगेच दिसेल. आणि अजून एक, एकच नाव सारखं विचारून उपयोग नाही, कारण पहिल्यांदा उत्तर आलं की ते रिझॉल्व्हडच्या कॅशमध्ये म्हणजे तात्पुरत्या साठ्यात बसतं आणि राउटरच्या पण, मग पुढचे सगळे प्रश्न घरातल्या घरात सुटतात आणि बाहेरचा बिघाड झाकला जातो. परत रिलोड केलं की पान उघडतं याचं पण अर्ध उत्तर हेच, कारण पहिल्या वेळचं उशिरा आलेलं उत्तर दुसऱ्या वेळेपर्यंत कॅशमध्ये येऊन बसलेलं असतं.

तर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पंचवीस-तीस वेगवेगळ्या साइटींची नावं एका फाइलीत, दर दहा सेकंदांनी त्यातलं एक उचलायचं आणि तेच नाव चौघांना विचारायचं, १२७.०.०.५३ ला, राउटरला १९२.१६८.१.१ वर, बाहेर ८.८.८.८ ला, आणि चौथा मी नंतर वाढवला तो पुढे सांगते. उत्तर आलं का, किती वेळात आलं, तारीख-वेळेसकट एका ओळीत लिहायचं. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. बाबा म्हणाले बॅटरी खराब होईल, म्हटलं एक रात्र होऊ दे.

सकाळी लॉग बघितला आणि खरं सांगते मला काही कळेना. राउटर १९२.१६८.१.१ वर जवळपास नेहमी उत्तर देत होता, काही मिलिसेकंदात. ८.८.८.८ पण देत होता. आणि त्याच सेकंदाला माझ्याच लॅपटॉपमधला १२७.०.०.५३ गप्प. म्हणजे राउटर बरोबर, बाहेरचं बरोबर, आणि मधला जो फक्त राउटरला विचारून सांगतो तो चूक? असं कसं. तर याचा अर्थ एकच निघतो, तो राउटरच्या त्या पत्त्याला विचारतच नाहीये, दुसऱ्याच कुणालातरी विचारतोय.

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस अशी कमांड आहे, ती मी आधी पण मारली होती पण नीट वाचली नव्हती. खाली वायफायच्या कार्डाच्या नावाखाली दोन ओळी असतात, एक डीएनएस सर्व्हर्स, त्यात सगळ्यांची यादी, आणि एक करंट डीएनएस सर्व्हर, म्हणजे आत्ता या क्षणी कुणाला विचारतोय तो. यादीत दोन होते, १९२.१६८.१.१ आणि एफई८०::१. करंट होता दुसरा.

एफई८०::१ हा पण आमचाच राउटर, फक्त त्याचा आयपीव्ही६ वरचा (पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) घरगुती पत्ता. हा कुठून आला? तर आयपीव्ही४ मध्ये डीएनएसचा पत्ता डीएचसीपीमधून, म्हणजे जोडताना राउटर पत्ते वाटतो त्यातून, मिळतो हे बहुतेकांना माहीत असतं. आयपीव्ही६ मध्ये राउटर मधूनमधून घरात दवंडी पिटत असतो, राउटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात त्याला, की मी इथला राउटर आहे, हा पत्त्याचा भाग वापरा, आणि डीएनएससाठी मला विचारा. यातला शेवटचा भाग २०१० पासून नियमांत पक्का आहे. लॅपटॉपने तो ऐकला आणि यादीत घातला, त्याचं काहीच चुकलं नाही.

पण रिझॉल्व्हडची एक सवय आहे जी जुन्या लिनक्सवाल्यांना माहीत नसते, मला पण नव्हती. जुना जीलिबसीचा हिशोब असा की यादीतला पहिला तो पहिला, दरवेळी त्याच्यापासूनच सुरुवात, तो गप्प बसला तरच दुसरा. रिझॉल्व्हड पहिला-दुसरा असं मानतच नाही, त्याच्या लेखी सगळे सारखे. आत्ताचा चालतोय तोपर्यंत त्यालाच धरून राहतो, तो चुकला की पुढच्याकडे जातो, आणि मग तिथेच राहतो. मागच्याकडे आपणहून परत येत नाही. म्हणजे वायफायवर एखादं कार्ड हरवलं, मिक्सर लावला, कुणी मध्ये आलं, काहीही, की तो उठून एफई८०::१ कडे जाणार, आणि तो चालतोय तोपर्यंत काही कळणार नाही. तो ज्या क्षणी बंद पडेल त्या क्षणी माझी पानं अडणार, थोड्या वेळाने रिझॉल्व्हड कंटाळून परत १९२.१६८.१.१ कडे येणार, सगळं सुरळीत, आणि मी राउटरकडे जाऊन हिरवे दिवे बघणार.

जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, सिस्टमडी-रिझॉल्व्हडच्या नावाने बघितलं तर तिथे सगळं तारीखवार लिहिलेलंच होतं, 'यूझिंग डिग्रेडेड फीचर सेट यूडीपी इन्स्टेड ऑफ यूडीपी प्लस ईडीएनएस झीरो फॉर डीएनएस सर्व्हर एफई८०::१'. याचा अर्थ असा की उत्तर येईना म्हणून रिझॉल्व्हडला वाटलं याला नवीन पद्धतीचा प्रश्न समजत नसेल, जरा साध्या भाषेत विचारून बघू. ईडीएनएस ही ती नवीन पद्धत, ती नसेल तर डीएनएसचं यूडीपी उत्तर ५१२ बाइटांपेक्षा मोठं नसतं, ती ही जुनी साधी भाषा. तीन आठवडे ही ओळ दिवसातून कितीतरी वेळा तिथे उमटत होती.

मग स्क्रिप्टमध्ये चौथा वाढवला तो हा, डिगला ॲट लावून एफई८०::१, पुढे परसेंटची खूण आणि वायफाय कार्डाचं नाव, कारण एफई८० वाला पत्ता प्रत्येक कार्डावर वेगळा असू शकतो, कार्ड सांगितल्याशिवाय तो जातच नाही. आणि शेजारी टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावला, फक्त पोर्ट ५३. आता अगदी डोळ्यांनी दिसलं. १९२.१६८.१.१ ला प्रश्न गेला की खाली लगेच उत्तर. एफई८०::१ ला प्रश्न गेला, उत्तर, प्रश्न, उत्तर, आणि मग कधीतरी प्रश्न, प्रश्न, प्रश्न, प्रश्न, आणि खाली काहीच नाही, सलग काही मिनिटं, मग परत उत्तरं सुरू.

हे का होत होतं ते शोधायला अजून दोन दिवस गेले. एफई८०::१ गप्प असताना त्याला नुसता पिंग केला तर तो पिंगला उत्तर द्यायचा. म्हणजे राउटर जिवंत. पण त्याच वेळी बाहेरच्या कुठल्याही आयपीव्ही६ पत्त्याला पिंग केला तर जायचा नाही. म्हणजे त्या काही मिनिटांत आमच्या घराचं बाहेरचं आयपीव्ही६ बंद असायचं, आयपीव्ही४ मात्र चालू. राउटरमधला जो भाग आयपीव्ही६ वरून आलेले प्रश्न घेतो तो ते पुढे आयपीव्ही६ नेच पाठवत असणार, पुढे रस्ता नाही म्हणून तो गप्प, आणि तरी दवंडी चालूच की डीएनएससाठी मला विचारा. लाइट जाऊन आल्यावर तर हे हमखास. राउटर इन्व्हर्टरवर नाहीये, तो परत सुरू झाला की आयपीव्ही४ एका मिनिटात यायचं, आयपीव्ही६ कधी दहा मिनिटांनी कधी त्याहून उशिरा, पण दवंडी मात्र पहिल्या मिनिटापासून. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा झपकते ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको, तेव्हा 'पावसात नेट खराब होतं' हे आईचं निरीक्षण पण बरोबरच निघालं.

उपाय मग दोन मिनिटांचा होता. नेटवर्कमॅनेजरला (लिनक्सवर वायफायची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) सांगायचं की या वायफायवर आयपीव्ही६ मधून आलेला डीएनएसचा पत्ता घेऊ नकोस. त्याची कमांड अशी, एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, वायफायचं नाव, आयपीव्ही६ डॉट इग्नोअर-ऑटो-डीएनएस येस, आणि मग कनेक्शन अप. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ च्या टॅबमध्ये डीएनएस समोरचं ऑटोमॅटिक बंद केलं तरी तेच होतं. इथे लोक आयपीव्ही६ च बंद करा म्हणतात, तेही मला पटत नाही, आयपीव्ही६ चालू असतं तेव्हा चांगलं चालतं आणि आपल्याकडे घरगुती आयपीव्ही४ कनेक्शनवर बऱ्याचदा एक पत्ता पुष्कळ घरांत वाटलेला असतो, त्यापेक्षा ते बरं. चुकतंय फक्त ते डीएनएस, तेवढंच काढायचं. शिवाय आयपीव्ही४ कडून राउटरच्या जोडीला १.१.१.१ हा बाहेरचा डीएनएस सर्व्हर पण घालून ठेवलं. ते रिझॉल्व्हडच्या स्वतःच्या कॉन्फ फाइलीत लिहिता येतं, पण तिथे लिहिलं तरी वायफायवरून आलेले सर्व्हर वापरात राहतातच, म्हणून कनेक्शनवरच लिहिलेलं बरं.

माझा लॅपटॉप त्या दिवसापासून सरळ झाला. पण बाबांचा नाही.

बाबांचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर मी डेबियन १२ हे दुसरं लिनक्स घालून दिलंय, सोसायटीचे हिशोब आणि पेन्शनची कामं त्यावर करतात. त्यावर पण पाच सेकंद अडायचं. मी गृहीत धरलं की तेच कारण, तोच उपाय केला, फरक नाही. मग बघितलं तर त्यावर रिझॉल्व्हड नाहीच, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये थेट राउटर, आणि पहिला १९२.१६८.१.१ च. म्हणजे तो चांगल्या रस्त्यानेच जात होता आणि तरी अडत होता. बाबांना म्हटलं, अहो बाबा, जरा अर्धा तास देता का लॅपटॉप, ते म्हणाले अर्धा काय दिवसभर ठेव पण ते पेन्शनचं पान एकदा नीट उघडू दे.

इथे टीसीपीडम्पमध्ये वेगळंच चित्र. जीलिबसी प्रत्येक नावासाठी दोन प्रश्न विचारते, एक आयपीव्ही४ पत्ता काय, ज्याला ए म्हणतात, आणि एक आयपीव्ही६ पत्ता काय, ज्याला क्वाड ए म्हणतात. पूर्वी एकामागून एक विचारायची, २००८ च्या २.९ आवृत्तीपासून दोन्ही एकदमच पाठवते, वेळ वाचावा म्हणून, आणि एकाच पोर्टवरून. डम्पमध्ये दोन्ही जाताना दिसत होते, एकाच सोर्स पोर्टवरून, काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने. आणि कधीकधी परत येताना एकच. क्वाड ए चं उत्तर गायब. मग बरोबर पाच सेकंद शांतता, आणि मग परत विचारणं. हा काही आमच्याच राउटरचा अवगुण नाही, स्वस्त राउटरांमध्ये हे जुनं दुखणं आहे, इतकं जुनं की रिझॉल्व्ह डॉट कॉन्फच्या मॅन पेजमध्ये म्हणजे माहितीपानात त्याच्यासाठी खास पर्याय लिहून ठेवलेत. सिंगल-रिक्वेस्ट म्हणजे एकाचं उत्तर आल्यावर दुसरा विचार, आणि सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन म्हणजे असं अडलं तर तो सॉकेट म्हणजे जोडणीचं टोक बंद करून दुसऱ्यासाठी नवीन उघड. माझ्या उबुंटूवर हे का होत नव्हतं, तर रिझॉल्व्हड बाहेर जाताना दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या सॉकेटवरून पाठवतो, त्यामुळे राउटर गोंधळत नाही. एकाच घरात, एकाच राउटरवर, दोन लॅपटॉप, दोघांना पाच-पाच सेकंद, आणि कारणं पूर्ण वेगळी. मी जर एकाच्या उपायावर 'झालं' म्हणून थांबले असते तर बाबा गप्प बसले असते, ते एकदा सांगतात, परत परत सांगत नाहीत.

तो पर्याय रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये हाताने लिहिला तर नेटवर्कमॅनेजर पुसतो, म्हणून इथे पण एनएमसीएलआयनेच, आयपीव्ही४ डॉट डीएनएस-ऑप्शन्स मध्ये सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन आणि सोबत टाइमआउट २. टाइमआउट कमी केल्याने बिघाड जात नाही, फक्त अडलंच तर पाचच्या ऐवजी दोन सेकंद अडतं, पण बाबांसाठी तोही फरक मोठा आहे, दोन सेकंदात ते पान बंद करायला जात नाहीत.

दादांना पण फोन केला. यावेळी 'नेट अडतंय' असं न म्हणता सांगितलं की दादा, लाइट आल्यावर आयपीव्ही६ यायला उशीर होतोय आणि राउटर तोपर्यंत डीएनएस म्हणून स्वतःला सांगतोय, माझ्याकडे वेळा लिहिलेल्या आहेत. लॉगमधल्या चार वेळा त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवल्या. ते दुसऱ्या दिवशी आले, पहिल्यांदाच माझ्याजवळ बसून स्क्रीन बघितली, म्हणाले ताई आमच्याकडे अजून दोन-तीन घरांतून अशीच तक्रार आहे, मी वर कळवतो. आणि राउटरच्या पानावर जाऊन आयपीव्ही६ च्या दवंडीतला डीएनएसचा भाग त्यांनी बंद करून दिला, ते सेटिंग माझ्या लॉगिनला दिसतच नव्हतं. त्यामुळे आता आईच्या टीव्हीचं पण अडायचं थांबलं, ज्यावर मी काही करू शकत नव्हते.

स्क्रिप्ट अजून चालूच ठेवलीय, फक्त आता दहा सेकंदांच्या ऐवजी मिनिटाला एकदा. परवा रात्री साडेअकराला लाइट गेली, पावणेबाराला आली. लॉगमध्ये आयपीव्ही६ चा पिंग बारा वाजून चार मिनिटांपर्यंत बंद होता. नावं सगळी सापडत होती.